पायाखालचे पोवळे

आमचे घाटनांदूर बालाघाटाच्या पठारावर, अंबाजोगाई तालुक्यात. परळीहून विकाराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आमचे स्टेशन लागते. पोहायला आम्ही शिकलो ते विहिरीत, पाठीला वाळलेले भोपळे बांधून. ज्या वर्षी पाऊस नसे त्या वर्षी पोहणेही नसे. त्यामुळे लग्नाच्या तिसाव्या वर्षी, गेल्या डिसेंबरात, मी आणि पत्नी मालवणला जाऊन समुद्रात तोंड बुडवून तरंगणार आहोत, हे ऐकून गावातल्या मंडळींना हसू आले ते साहजिकच होते. पत्नीला तर पोहताही येत नाही.

आम्ही तिथे चार दिवस होतो. मासे पाहिले, डॉल्फिन पाहिले, किल्ला पाहिला. पण हा लेख प्रवासवर्णन म्हणून लिहीत नाही. पहिल्याच दिवशी माझ्या हातून, खरे म्हणजे पायातून, एक चूक घडली. ती नेमकी काय होती हे समजून घेण्यात पुढचे आठ-दहा महिने गेले. त्या शोधात जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

कुरटे बेट आणि त्याभोवतीचे पाणी

मालवणच्या किनाऱ्यासमोर, होडीने काही मिनिटांच्या अंतरावर, कुरटे नावाचे खडकाळ बेट आहे. त्यावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्गाच्या बांधकामाला आरंभ केला. चारही बाजूंनी खारे पाणी असताना किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. मराठवाड्याच्या माणसाने त्यांच्यात वाकून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. पत्नी दूधबावीपाशी बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, समुद्रात राहून यांना पाणी आहे, आणि आपण टँकरची वाट बघतो." पावसाचे पाणी खडकाच्या फटींत मुरते आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने बेटाखाली त्याच्यावर तरंगत राहते, असे या विहिरींचे सर्वसाधारण स्पष्टीकरण आहे. पण हा साठा बेताचा असतो. उपसा वाढला की खारे पाणी वर येते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचा उपयोग होईल.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. सिंधुदुर्ग त्यांत आहे. याच किल्ल्याभोवतीच्या पाण्याला त्याच्याही अडतीस वर्षे आधी वेगळे संरक्षण मिळालेले आहे, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. १३ एप्रिल १९८७ रोजी राज्य शासनाने येथे मालवण सागरी अभयारण्य घोषित केले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, आणि त्यातला पद्मगडाच्या आसपासचा सुमारे ३ चौरस किलोमीटरचा भाग गाभ्याचा. महाराष्ट्रातले हे पहिले सागरी अभयारण्य. स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला, कारण रापण ओढून आणि जाळी टाकून जगणाऱ्या माणसाला अभयारण्य म्हणजे आपल्या शेताला कोणीतरी घातलेले कुंपणच वाटणार. त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. त्यांना वगळून आखलेली रेषा पाण्यावर कशी टिकायची, हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

मी जिथे पाण्यात उतरलो ती जागा याच परिसरात होती.

काय दिसले

स्नॉर्केलिंग म्हणजे डोळ्यांवर काचेचा मास्क, तोंडात वाकडी नळी, अंगात लाइफ जॅकेट, आणि पाण्यावर पालथे पडून खाली बघणे. स्कूबात पाठीवर हवेची टाकी घेऊन खाली जातात, यात वरच राहायचे असते. काचेमागून पाण्यात पाहताना प्रत्येक वस्तू असते त्यापेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्शाने मोठी आणि जवळ दिसते. प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकतो म्हणून असे होते. त्यामुळे नवखा माणूस हात पुढे करतो आणि हाताला काहीच लागत नाही, किंवा पाय खाली सोडतो आणि तो भलतीकडे पडतो.

पत्नी एका रबरी चक्राला धरून तरंगत होती. पहिली पाच मिनिटे तिने डोळेच उघडले नाहीत. मग एकदम माझा दंड धरला. खाली पिवळसर अंगावर काळे उभे पट्टे असलेले पन्नासेक मासे गोळा झाले होते. वाटाड्या मुलाने पावाचे तुकडे टाकले होते आणि ते त्यावर तुटून पडले होते. त्यांच्यापलीकडे, पावाकडे ढुंकूनही न बघता, हिरवा-निळा मोठा मासा खडक खरवडत होता. चोच असावी तसे त्याचे तोंड. तो पोपटमासा. खडकही तिथे होते, तपकिरी आणि हिरवट, काही गोल, काही थरांचे, शेणाच्या गोवऱ्या रचाव्यात तसे.

टीव्हीवर पाहिलेले रंगीबेरंगी प्रवाळ कुठे दिसेनात. थोडा निराश होऊन, दमही लागला म्हणून, मी एका गोल, फूटभर उंचीच्या दगडावर पाय टेकवून उभा राहिलो. आजूबाजूला आणखी तिघेचौघे तसेच उभे होते. कोणी काही म्हणाले नाही. पाय उचलला तेव्हा तिथे पांढरा ओरखडा उठला होता, पाटीवर खडू ओढावा तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉल्फिन पाहायला नेणाऱ्या नावाड्याला मी सहज ते सांगितले. तो वल्हे थांबवून म्हणाला, "काका, तो दगड नव्हता. जिवंत होता तो."

दगड, झाड की जनावर

मराठी माणसाला पोवळे ठाऊक आहे ते अंगठीतले. नवरत्नांपैकी एक, मंगळाचे. वैद्याकडे प्रवाळपिष्टी मिळते. हे लाल पोवळे प्रामुख्याने भूमध्य समुद्रातून येते आणि त्याचा आमच्या भागाशी संबंध फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शिकेत भरुच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत तांबे, कथील, शिसे यांबरोबर पोवळे आहे. त्याच ग्रंथात भरुचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून आणखी दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर, ही मोठी पेठेची गावे सांगितली आहेत. तेर आमच्यापासून फार लांब नाही. त्याच शतकातला रोमन लेखक प्लिनी नमूद करतो की रोमन लोकांना मोत्यांचे जेवढे अप्रूप, तेवढेच हिंदुस्थानातल्या लोकांना पोवळ्याचे. म्हणजे समुद्र न पाहिलेल्या या पठारावर पोवळ्याची हौस दोन हजार वर्षांची आहे.

हौस होती तरी ते आहे काय, हे मात्र जगाला फार उशिरा कळले. युरोपात ते शतकानुशतके समुद्रातले झाड समजले जाई, जे हवेत आले की दगड होते. १७२० च्या दशकात मार्सेयच्या पेसोनेल या वैद्याने निरीक्षण करून सांगितले की पोवळ्यावरची ती 'फुले' म्हणजे बारीक प्राणी आहेत. पॅरिसच्या विद्वानांनी ते हसण्यावारी नेले. त्याचे म्हणणे खरे ठरायला आणखी दोन दशके जावी लागली.

आज आपल्याला माहीत आहे ते असे. प्रवाळ हा जेलीफिशच्या कुळातला प्राणी. एकेक प्राणी काही मिलिमीटरचा, पिशवीसारखा, तोंडाभोवती बारीक मिशा. तो समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन आपल्या बुडाशी घर बांधतो. हजारो जीव शेजारी शेजारी असे बांधत राहिले की वसाहत होते. बाहेरून दगड दिसतो, पण त्यावर ओल्या कापडाइतका पातळ जिवंत थर असतो. आत सगळी पूर्वजांची घरे.

मालवणचे प्रवाळ अंगठीतल्या पोवळ्याचे दूरचे नातलग. या प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. शैवालाला आसरा मिळतो, आणि ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. प्रवाळाची बहुतेक भूक यावरच भागते. आपण कोरडवाहू रानात वाटेकरी ठेवतो, तसा हा व्यवहार. तपकिरी-हिरवा रंग या वाटेकऱ्याचा असतो. मला जो रंग पाहून निराशा झाली, तो रंग म्हणजे वसाहत धडधाकट असल्याची खूण होती. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. लवकर थंडावा आला तर वाटेकरी परत येतो, नाही तर प्रवाळ उपाशी मरतो. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगव्यापी ब्लीचिंगची चौथी लाट चालू असल्याचे जाहीर केले. मालवणातही प्रवाळ पांढरे पडल्याच्या नोंदी आहेत. पर्यटकाला पांढरे प्रवाळ छायाचित्रात सुंदर वाटते, आणि ते बहुधा आजारी किंवा मेलेले असते.

गढूळ पाण्यातला संसार

प्रवाळाला उजेड लागतो, म्हणजे नितळ पाणी लागते. लक्षद्वीपला ते आहे. तिथली बेटेच प्रवाळांनी रचलेली आहेत. अशी बेटे कशी होतात याची उपपत्ती चार्ल्स डार्विनने १८४२ च्या ग्रंथात मांडली. कोकणचा किनारा याच्या उलट. पावसाळ्याचे चार महिने सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या माती आणतात. मालवणच्या दक्षिणेला देवबागपाशी कर्ली नदी समुद्राला मिळते. अशा पाण्यात प्रवाळ जगत असतील असे फारसे कोणाच्या ध्यानात नव्हते. १९७९ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे कासिम आणि वाफर यांनी पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद प्रसिद्ध केली. हेच डॉ. कासिम पुढे १९८१ मध्ये भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम घेऊन गेले.

किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरच्या आसपास, खोल समुद्रात, आंग्रिया बँक नावाचे बुडालेले पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून हे नाव पडले. नद्यांचा गाळ तिथवर पोहोचत नाही, म्हणून तिथले प्रवाळ विस्तीर्ण आहेत. मालवणचे प्रवाळ तसे नाहीत. ते खडकाखडकाला धरून, तुकड्या-तुकड्यांनी, वर्षातला बराच काळ अंधुक उजेडात दिवस काढतात. आमच्याकडच्या हलक्या रानातल्या बोरी-बाभळींसारखे. अशा ठिकाणी टिकलेल्या जाती चिवट असतात, म्हणून शास्त्रज्ञांना त्यांचे मोल वाटते. पण चिवट झाड कुऱ्हाडीलाही चिवट असते असे नव्हे.

गोल ढिगासारखे वाढणारे प्रवाळ अनुकूल पाण्यात वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. झाडाच्या खोडात असतात तसे वार्षिक थर त्यांतही असतात. मी ज्यावर उभा राहिलो तो ढीग फूटभर उंच होता. फूट म्हणजे तीस सेंटिमीटर. गढूळ पाण्यातली वाढ त्याहून मंद धरली, तरी निदान तीस वर्षे. आमचे लग्न झाले त्या सुमारास ती वसाहत हरभऱ्याच्या दाण्याएवढी असणार. हा हिशेब मी परतीच्या वाटेवर, फोंडा घाट चढताना पत्नीला सांगितला. ती बराच वेळ काही बोलली नाही.

एका पावलाची किंमत

पाय पडला की तो ओला थर चिरडतो. जखमेवर शेवाळ बसते आणि प्रवाळाला ती जागा परत मिळवायला झगडावे लागते. पाण्यात पाय झाडले की तळचा गाळ उठतो आणि आसपासच्या वसाहतींवर बसतो. तो झटकण्यात त्यांची शक्ती जाते. होडीचा नांगर तर एका फटक्यात वसाहत उलथवतो. पाव टाकला की पट्टेवाल्यांसारखे धीट मासे जमतात आणि माशांची नेहमीची वाटणी बिघडते. पोपटमाशासारखे शेवाळ खरवडणारे मासे मात्र प्रवाळांचे राखणदार आहेत. ते नसतील तर शेवाळ सगळे झाकून टाकेल.

माझ्या एकट्याच्या पावलाने काय होणार, असे मनाला समजावून पाहिले. पण २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याच मालवण अभयारण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. हौशी डायव्हिंगमुळे प्रवाळांची मोडतोड होत आहे आणि तिला जबाबदार कोणीच राहत नाही, हा त्याचा मुख्य रोख. कायद्याची बाजू तर मला अधिकच अस्वस्थ करणारी होती. २००१ पासून खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे ज्या यादीत वाघ आहे त्याच यादीत. आमच्या जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांचे अभयारण्य आहे. तिथे मोराच्या पाठीवर कोणी उभे राहिले तर गाव गोळा होईल. मालवणात मी ज्यावर उभा होतो तोही त्याच कायद्याने राखलेला जीव, आणि भोवतालच्या कोणालाच त्यात काही वावगे दिसले नाही. कारण तो हलत नाही, ओरडत नाही आणि दगडासारखा दिसतो.

डॉल्फिनचीही तीच गत. देवबागसमोर आम्हाला दिसले ते कुबडे डॉल्फिन. किनाऱ्यालगतच राहतात, म्हणूनच दिसतात आणि म्हणूनच धोक्यात आहेत. जागतिक यादीत त्यांची नोंद 'संकटग्रस्त' अशी आहे. आमच्या नावाड्याने इंजिन बंद करून होडी थांबवली. समोरून आणखी चार होड्या थेट त्यांच्यावर गेल्या आणि डॉल्फिन बुडाले. आमच्या नावाड्याचे त्यात नुकसानच झाले, कारण होडीतल्या इतर मंडळींनी "जवळ का नेत नाहीस" म्हणून कुरकुर केली. नियम पाळणाऱ्याला तोटा आणि मोडणाऱ्याला गिऱ्हाईक, अशी ही रचना आहे.

आमच्या बोअरची गोष्ट

हे मला नवीन नव्हते. आमच्याकडे भूजलाचे हेच झाले. विहिरी होत्या तोवर पाणी सगळ्यांचे होते. मग एकाने बोअर घेतला, शेजाऱ्याने त्याहून खोल घेतला. प्रत्येकाचा हिशेब बरोबर होता आणि गावाचा चुकला. जे मुरायला पिढ्या लागल्या ते एका पिढीत उपसले. दूधबावीचे पाणी बेताने वापरले म्हणून टिकले. प्रवाळ हासुद्धा असाच हळूहळू भरलेला साठा आहे. मालवणातला प्रत्येक होडीवाला, प्रत्येक वाटाडा मुलगा आणि माझ्यासारखा प्रत्येक पाहुणा आपापल्या जागी बरोबर असतो. दोष वाटाड्यांच्या माथी मारणे सोपे आहे, पण मासेमारी कमी झाल्यावर हाच धंदा त्यांच्या हाती उरला आहे. प्रवाळ मेले तर बोअर कोरडा पडलेल्या शेतकऱ्यासारखे तेच आधी उघड्यावर पडतील.

यातून वाट काढता येते, आणि ती काढलेली उदाहरणे आहेत. अंदमानात वंडूरजवळ महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटे आलटून पालटून पर्यटकांना खुली करतात. एकावर माणसे असताना दुसऱ्याला विसावा. जमिनीला पडीक ठेवण्याचीच ही रीत. हवाई बेटांवरच्या हनौमा उपसागरात १९९९ पासून माशांना खाऊ घालायला बंदी आहे, आणि २००२ पासून प्रत्येक पाहुण्याला पाण्यात उतरण्याआधी छोटी चित्रफीत पाहावी लागते. आठवड्यातले काही दिवस उपसागर पूर्ण बंद असतो. यातल्या कशालाही मोठा खर्च नाही. मालवणात नांगराऐवजी कायमचे तरंगते खुंटे, पाण्यात उतरण्याआधी मराठी-हिंदीत दहा मिनिटांची समज, आणि ही समज देणाऱ्या वाटाड्यालाच परवाना, एवढे झाले तरी पुष्कळ होईल. पण रेषा पुन्हा एकदा त्यांना वगळून आखली, तर १९८७ चीच गोष्ट पुन्हा घडेल.

मला त्या दहा मिनिटांत एवढेच कोणी सांगितले असते की "काका, खाली दगड दिसला तरी पाय टेकू नका, तो जिवंत आहे", तर मी टेकला नसता. जाणूनबुजून तो चिरडायला तिथे कोणीच जात नाही.

निघायच्या दिवशी आम्ही पुन्हा पाण्यात उतरलो. या वेळी त्याच नावाड्याच्या ओळखीच्या मुलाबरोबर. त्याने पाव आणला नव्हता. सुरुवातीला काहीच दिसेना. मग पत्नीने बोट दाखवले. एक पोपटमासा खडक खरवडत होता, आणि पाण्यात कान बुडालेले असल्याने त्याच्या दातांचा आवाजही ऐकू येत होता, जात्यावर भरडावे तसा. आम्ही हातपाय न हलवता अर्धा तास तसेच पडून राहिलो. माझा पांढरा ओरखडा मी शोधला, पण सापडला नाही. भरून निघाला म्हणून नव्हे, तर तिथल्या कितीतरी ढिगांवर तसेच ओरखडे होते, आणि त्यातला माझा कोणता ते मला ओळखता येईना.